जर्सी सिटीत नूतनीकरण झालेलं ‘टू-फॅमिली’ घर घेताना

न्यू जर्सीत येणारी बहुतेक मराठी कुटुंबं आधी एडिसन किंवा प्लेन्सबोरोकडे वळतात. पण ज्यांना रोज मॅनहॅटनला जायचं असतं, त्यांची नजर कधी ना कधी जर्सी सिटीकडे जाते. मग जाहिराती दिसायला लागतात : ‘संपूर्ण नूतनीकरण, दोन कुटुंबांचं घर, पाथ स्टेशनपासून चालत पाच मिनिटं.’ (पाथ म्हणजे मॅनहॅटनला नेणारी रेल्वे.) फोटोत पांढरं किचन, करडी फरशी, काळे नळ. एका मजल्यावर आपण राहायचं, दुसऱ्याचं भाडं हप्त्याला लावायचं. हिशेब सोपा वाटतो आणि बऱ्याचदा तो जमतोही.

असं घर घेण्याच्या सगळ्या फेऱ्यांतून मी गेले आहे आणि त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या खरेदीत सोबत बसले आहे. माझं एकच सांगणं आहे. नूतनीकरण केलेल्या घराची किंमत फोटोत दिसणाऱ्या गोष्टींवर ठरते, पण त्याची खरी परीक्षा परवान्यांच्या फाइलमध्ये आणि तळघरात होते. म्हणून पुढच्या पायऱ्यांत किचनबद्दल जवळजवळ काहीच सापडणार नाही.

१. आधी ठरवा, भाडेकरू ठेवायचा आहे का

टू-फॅमिली म्हणजे एकच जमीन, एकच खरेदीखत, पण दोन स्वतंत्र घरं : वेगळं किचन, वेगळी बाथरूम, बहुतेक वेळा वेगळे मीटर. पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतलेल्या माणसाच्या डोक्यात सोसायटी पक्की बसलेली असते. इथे सोसायटी नाही. छप्पर तुमचं, गटाराची नळी तुमची, समोरच्या फुटपाथवरचा बर्फही तुम्हीच काढायचा. जानेवारीत रात्री अकरा वाजता वरच्या मजल्यावरचं हीटिंग बंद पडलं, तर फोन तुम्हालाच येणार.

हे नवरा-बायको दोघांनी मिळून ठरवायचं आहे. एकाला हौस आणि दुसऱ्याला धसका, अशा परिस्थितीत हे घर घेऊ नका. कॉन्डो (इमारतीतला मालकीचा फ्लॅट) घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

२. पैशांची बाजू

एक ते चार घरांपर्यंतची इमारत कर्जाच्या दृष्टीने ‘निवासी’ धरली जाते. पाच झाली की व्यावसायिक कर्ज. त्यामुळे टू-फॅमिलीला साधं गृहकर्ज चालतं.

एफएचए कर्जात (केंद्र सरकारच्या विम्याचं संरक्षण असलेलं गृहकर्ज) ५८० किंवा जास्त क्रेडिट स्कोअर असेल, तर साडेतीन टक्के भरून घर घेता येतं. अट अशी की ६० दिवसांत स्वतः राहायला जायचं आणि किमान एक वर्ष राहायचं. तीन किंवा चार घरांची इमारत असेल तर आणखी एक चाचणी लागते : सगळ्या घरांच्या भाड्याच्या (तुमच्या मजल्याचं बाजारभावाने धरून) ७५ टक्क्यांत कर्जाचा हप्ता, घरपट्टी आणि विमा बसला पाहिजे. जर्सी सिटीतल्या किमतींना ही चाचणी पास होणं अवघड जातं. टू-फॅमिलीला ती लागू नाही.

आपल्या मंडळींसाठी सर्वांत महत्त्वाचं : २५ मे २०२५ पासून एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असलेल्यांना एफएचए कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व लागतं. जुन्या व्हिडिओंमध्ये आणि चारेक वर्षांपूर्वी घर घेतलेल्या मित्रांच्या सल्ल्यात ही गोष्ट नसते. व्हिसावर असाल तर ‘कन्व्हेन्शनल’ (सरकारी हमी नसलेल्या) कर्जाकडे जा. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेने नोव्हेंबर २०२३ पासून स्वतः राहणाऱ्यांना दोन ते चार घरांच्या इमारतीसाठी पाच टक्के भरून कर्जाची सोय केली आहे. २० टक्क्यांपेक्षा कमी भरलं की कर्जाचा विमा मात्र लागतो.

भाड्याचं उत्पन्न धरताना बँक पूर्ण रक्कम धरत नाही, साधारण ७५ टक्के धरते. समजा वरच्या मजल्याचं भाडं २,४०० डॉलर आहे, तर कागदावर १,८०० धरायचे. तुम्हीही घरच्या हिशेबात तेवढेच धरा. वर्षात एखादा महिना घर रिकामं राहतं, बॉयलर बिघडतो, हे त्या कापलेल्या २५ टक्क्यांत येतं.

भारतातून आई-वडील मदत करणार असतील, तर तयारी तीन-चार महिने आधी सुरू करा. भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकते. ठराविक रकमेच्या वर तिकडची बँक टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापते, तो नंतर त्यांच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. इथली बँक ‘ही भेट आहे, परत करायची नाही’ असं सहीचं पत्र मागते आणि साधारण मागच्या दोन महिन्यांची खात्याची विवरणं बघते. मधेच आलेल्या मोठ्या रकमेचा उगम दाखवावाच लागतो. परदेशातून वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट आली, तर आयआरएसला (इथल्या आयकर खात्याला) फॉर्म ३५२० द्यायचा. त्यावर कर नाही, पण फॉर्म चुकवला तर दंड जबर आहे.

नूतनीकरण केलेल्या घरांसाठीच असलेला एफएचएचा एक नियम : विक्रेत्याने घर घेऊन ९० दिवस झाले नसतील, तर त्या घरावर एफएचए कर्ज मिळत नाही. ९१ ते १८० दिवसांत दुप्पट किंवा त्याहून जास्त किमतीला विकत असेल, तर दुसरं मूल्यांकन लागतं. तुम्ही दुसरं कोणतंही कर्ज घेत असलात, तरी हा नियम का केला याचा विचार करा. तीन महिन्यांत जुन्या घराचं सगळं काम नीट होणं, परवान्यांसकट, फार कमी वेळा घडतं.

३. वस्ती बघा, दिवसा आणि रात्री

‘बदलती वस्ती’ हा शब्द एजंटच्या तोंडी फार येतो. जर्सी सिटीत तो खराही आहे. २००० मध्ये लाइट रेल सुरू झाली. २०१० मध्ये ‘जर्नल स्क्वेअर २०६०’ हा पुनर्विकास आराखडा मंजूर झाला आणि स्टेशनाभोवती उंच इमारती उभ्या राहायला लागल्या. डाउनटाउनच्या किमती हाताबाहेर गेल्यावर लोक हाइट्सला, बर्गन-लाफायेटला आणि आता दक्षिणेकडे ग्रीनव्हिलला सरकत आहेत. याच भागांत जुनी लाकडी घरं घेऊन, सजवून विकण्याचा धंदा जोरात आहे.

विक्रेता तुमच्याकडून उद्याच्या वस्तीची किंमत मागत असतो. तुम्हाला राहायचं असतं आजच्या वस्तीत. म्हणून तीन गोष्टी करा.

एक : शेजारच्या रिकाम्या किंवा बसकं घर असलेल्या प्लॉटवर काय बांधायची परवानगी आहे, ते शहराच्या झोनिंग नकाशात बघा. जर्सी सिटीचा नेहमीचा प्लॉट २५ फूट बाय १०० फुटांचा. घरं एकमेकांना चिकटून किंवा हातभर अंतरावर. शेजारी बारा मजले आले, तर मागच्या खोल्यांतला उजेड गेला.

दोन : सकाळी आठला घरापासून स्टेशनपर्यंत स्वतः चालत जा. जाहिरातीतली पाच मिनिटं चढणीवर बारा होतात. हाइट्स उंचावर आहे, हे नावातच आलं.

तीन : रस्त्यावर बसलेल्या जुन्या माणसांशी बोला. नुअर्क ॲव्हेन्यूवरचा इंडिया स्क्वेअर आज मिठाई आणि साड्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण १९८७ मध्ये याच शहरात ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी टिकली लावणाऱ्या बायकांना आणि भारतीय कुटुंबांना लक्ष्य करत होती. त्या काळात जी कुटुंबं इथे टिकून राहिली, त्यांच्यामुळे आपल्याला इथे येणं सोपं झालं. त्यांच्याच आसपास फिलिपिनो, इजिप्तचे कॉप्टिक ख्रिश्चन, लॅटिनो आणि आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहत आहेत. कोणत्या रस्त्यावर पाणी तुंबतं, कोणतं घर किती वर्षं पडून होतं, रात्री काम चालायचं का, हे ती माणसं कोणत्याही वेबसाइटपेक्षा नेमकं सांगतात. आणि उद्या तुम्ही त्यांचे शेजारी होणार आहात.

४. जाहिरात वाचायची कशी

सगळ्यात आधी बघा, घर कायद्याने किती कुटुंबांचं आहे. शहराच्या नोंदीत दोन असताना तळघरात तिसरं किचन बसवून ‘तीन भाडी’ दाखवणं ही इथली सर्रास चाल आहे. जाहिरातीत ते उघड लिहीत नाहीत. ‘बोनस लेव्हल’, ‘सासू-सासऱ्यांसाठी सोय’, ‘उत्पन्नाची भरपूर शक्यता’ असे शब्द असतात.

ओळखायची सोपी खूण मीटर. बाहेर किंवा तळघरात जाऊन विजेचे आणि गॅसचे मीटर मोजा. किचन तीन आणि मीटर दोन असतील, तर तिसरं घर बहुधा कागदावर नाही.

हा केवळ नियमाचा प्रश्न नाही. बेकायदा घरातून शहराने भाडेकरूला बाहेर काढलं, तर न्यू जर्सीच्या कायद्याने त्याला सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम मालकाने द्यायची असते, आणि मालक तुम्ही असता. त्याहून मोठी गोष्ट : सप्टेंबर २०२१ मध्ये इडा वादळाचा पाऊस झाला, तेव्हा न्यूयॉर्क शहरात जीव गेलेल्यांपैकी बहुतेक जण तळघरातल्या घरांत राहत होते. ज्या तळघराला बाहेर पडायचा दुसरा रस्ता नाही, तिथे कुणाला झोपवून भाडं घेऊ नये. बँकेच्या हिशेबात तर ते भाडं धरलंच जात नाही.

तीन कायदेशीर घरं असतील तर इमारत राज्याच्या ‘मल्टिपल ड्वेलिंग’ नियमाखाली येते. राज्याकडे नोंदणी आणि ठराविक काळाने तपासणी आली. घाबरायचं कारण नाही, पण नोंदणी चालू आहे का आणि मागच्या तपासणीतले दोष दूर केलेत का, हे विचारा.

एजंटबद्दल एवढंच : ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी खरेदीदाराच्या एजंटसोबत लेखी करार करावा लागतो. त्यात त्याचं कमिशन किती आणि करार किती महिन्यांचा, ते वाचून सही करा. विक्रेत्याचाच एजंट ‘मी तुमचंही बघतो’ म्हणाला, तर नम्रपणे नाही म्हणा.

५. परवान्यांची फाइल मागवा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल, तर ही पायरी तेवढी वाचा.

न्यू जर्सीत ‘ओप्रा’ नावाचा सार्वजनिक नोंदींचा कायदा आहे, आपल्या माहिती अधिकारासारखा. शहराच्या क्लार्ककडे ऑनलाइन अर्ज करायचा. घर तुमचं असायला हवं असं नाही आणि वकीलही लागत नाही. साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायची मुदत असते. अर्जात घराचा पत्ता आणि ब्लॉक-लॉट क्रमांक घाला (घरपट्टीच्या नोंदीत सापडतो) आणि हे मागा :

- मागच्या दहा-पंधरा वर्षांतले बांधकाम, वीज, प्लंबिंग आणि अग्निसुरक्षेचे सगळे परवाने
- त्यांवरचे तपासणीचे शेरे : पास, नापास, बाकी
- ‘सर्टिफिकेट ऑफ ॲप्रूव्हल’ (काम मंजूर झाल्याचा दाखला) किंवा ‘सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी’ (राहायला योग्य असल्याचा दाखला)
- शहराने बजावलेल्या नोटिसा आणि दंड

उत्तर आलं की ते घेऊन घरात जा आणि जुळवत चला. रंग, कपाटं, फरशी यांना परवाना लागत नाही. पण वायरिंग नवं असेल, बाथरूमची जागा बदलली असेल, गॅसची लाइन हलवली असेल, मधली भिंत पाडून ‘ओपन किचन’ केलं असेल, तर प्रत्येकाचा परवाना फाइलमध्ये दिसला पाहिजे. जाहिरात म्हणते ‘नवं प्लंबिंग, नवी वीज, नवं हीटिंग’ आणि फाइलमध्ये एकच परवाना, तोही बॉयलरचा, असं चित्र मी बघितलेलं आहे. विक्रेत्याचं उत्तर होतं, ‘माझा माणूस लायसन्सवाला आहे.’ लायसन्स माणसाचं असतं, परवाना कामाचा असतो. एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

दुसरा सापळा म्हणजे उघडा परवाना : काम झालं, शेवटची तपासणी झालीच नाही. तो परवाना घरासोबत तुमच्याकडे येतो. पुढे शहराने मागणी केली, तर नवीन भिंती उघडून दाखवायची वेळ तुमच्यावर. म्हणून करारात स्पष्ट लिहून घ्या की सगळे परवाने बंद करून विक्रेता ताबा देईल. ‘ताब्यानंतर करून देतो’ हे अजिबात मान्य करू नका. विकणारी बहुतेक वेळा एका घरापुरती काढलेली एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) असते. पैसे मिळाले की तिच्या खात्यात काही उरत नाही, मग वसूल कुणाकडून करणार?

याच वेळी हडसन काउंटीच्या नोंदीत मागचं खरेदीखतही बघा. विक्रेत्याने कधी आणि कितीला घेतलं, हे उघड असतं. मधल्या काळात खरंच किती काम होऊ शकलं असतं, याचा अंदाज येतो.

६. तपासणी : तळघरापासून छपरापर्यंत

न्यू जर्सीत घर तपासणाऱ्याला राज्याचं लायसन्स लागतं. एजंटने सुचवलेल्या तपासनीसाऐवजी स्वतः शोधलेला घ्या आणि पूर्ण वेळ त्याच्यामागे फिरा. अहवालातल्या साठ फोटोंपेक्षा तो जिन्यावर उभा राहून जे बोलतो ते जास्त कामाचं असतं.

सुरुवात तळघरातून. टॉर्च घ्या. जोत्याच्या भिंतीला खालून तीन फूट नवा रंग आणि वर जुनी वीट असेल, तर विचारा का. लोणा लागलेल्या भिंतीवर रंग फार दिवस टिकत नाही : कोपऱ्यात, बॉयलरच्या मागे, जिथे ब्रश पोचला नाही तिथे पांढरी पूड आणि पोपडे दिसतात. बोटाने खरवडून बघा. वर तुळयांकडे बघा. नळ नेण्यासाठी तुळईचा अर्धा भाग कापून काढलेला दिसला, तर वर टाइलचं सुंदर बाथरूम कशावर उभं आहे ते कळतं. विजेच्या पॅनलवर आणि बॉयलरजवळ शहराच्या तपासनीसाचे मंजुरीचे स्टिकर आहेत का, बॉयलरच्या पाटीवर कोणतं साल आहे, हे फोटो काढून ठेवा आणि ओप्राच्या फाइलशी ताडून बघा.

नेहमीच्या तपासणीत नसलेल्या आणि वेगळे पैसे देऊन करायच्या गोष्टी :

*जमिनीतली तेलाची टाकी.* जुनी घरं तेलावर तापवली जात. पुढे गॅस आला, टाक्या जमिनीतच राहिल्या. गंजून तेल झिरपलं असेल, तर माती साफ करायचा खर्च हजारो डॉलरांत, वाईट वेळी लाखाच्या घरात जातो आणि घराचा विमा तो सहसा देत नाही. शोधयंत्राने तासाभरात तपासणी होते. ती न करता न्यू जर्सीत जुनं घर घेऊ नका.

*गटाराच्या नळीत कॅमेरा.* नूतनीकरण करणारा फरशीच्या वरचं सगळं बदलतो, खालची मातीची नळी शंभर वर्षांची तशीच असते. झाडांची मुळं शिरलेली असतात. जर्सी सिटीत पावसाचं पाणी आणि मैला एकाच वाहिनीतून जातो. जोराचा पाऊस झाला की सखल भागात ते पाणी तळघरात उलटं येतं. उलटं पाणी अडवणारी झडप बसवली आहे का, ते विचारा.

*वाळवी आणि छप्पर.* ओळीतल्या घरांचं छप्पर सपाट असतं, पाणी साचतं. वर चढून बघायलाच लावा.

पुराबद्दल : मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत विक्रेत्याला पुराची माहिती लेखी द्यावी लागते. पण एलएलसी त्या घरात कधी राहिलेलीच नसते, त्यामुळे ‘माहीत नाही’ हे उत्तर येणारच. सँडी (२०१२) आणि इडा, या दोन्ही वादळांच्या वेळी या रस्त्यावर काय झालं, ते शेजाऱ्यांना विचारा. घराच्या विम्यात पूर येत नाही, त्याची पॉलिसी वेगळी. गटार उलटं येण्याचं संरक्षणही जास्तीचे पैसे देऊन जोडून घ्यावं लागतं.

शिसं : घर १९७८ च्या आधीचं असेल, तर जुन्या रंगात शिसं असण्याचा संभव धरून चला. खिडक्या आणि दारांच्या चौकटी घासल्या जातात आणि त्याची धूळ रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात जाते. चाचणीसाठी दहा दिवस मिळण्याचा हक्क केंद्रीय कायदा देतो. घरात लहान मूल असेल किंवा येणार असेल, तर तो हक्क सोडू नका.

७. भाडेकरू आधीच राहत असेल तर

एक मजला सजवून रिकामा, दुसऱ्यावर जुना भाडेकरू, असं बरेचदा असतं. एजंट म्हणतो, ‘जातील ते.’ हे वाक्य कायद्यात बसत नाही.

न्यू जर्सीचा १९७४ चा कायदा ठोस कारणाशिवाय भाडेकरूला काढू देत नाही. मालक स्वतः राहत असलेल्या दोन किंवा तीन घरांच्या इमारतीला त्यातून सूट आहे, पण विकणारी एलएलसी तिथे राहत नसते, त्यामुळे तुम्ही घेईपर्यंत भाडेकरूला पूर्ण संरक्षण असतं. ज्या मजल्यावर तुम्हाला स्वतः राहायचं आहे तो रिकामा हवा असेल, तर करारात ‘ताब्याच्या वेळी रिकामा’ असं लिहावं लागतं आणि विक्रेत्याने भाडेकरूला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. भाडेकरार चालू असेल, तर तो संपेपर्यंत तुमच्यावरही बंधनकारक. कुलूप बदलणं, हीटिंग बंद करणं असले प्रकार गुन्ह्याच्या वाटेने जातात. काढायचं तर फक्त कोर्टातून.

भाडेकरू ठेवणार असाल, तर खरेदीआधी त्याच्या सहीचं ‘एस्टॉपेल’ पत्र घ्या : भाडं किती, कधीपर्यंत भरलंय, अनामत किती, मालकाने काही तोंडी कबूल केलंय का. विक्रेता सांगतो ते भाडं आणि भाडेकरू भरतो ते भाडं यांत फरक निघतो. अनामत जास्तीत जास्त दीड महिन्याच्या भाड्याइतकी घेता येते. ताब्याच्या वेळी ती हिशेबात तुमच्याकडे वळती करून घ्या, कारण परत द्यायची जबाबदारी नव्या मालकाची, विक्रेत्याने ती दिलेली असो वा नसो.

एक गोष्ट आपल्या लोकांना कळकळीने सांगायची आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘फक्त भारतीय कुटुंबासाठी’ अशी जाहिरात टाकू नका. मालक स्वतः राहत असला, तरी वंश किंवा मूळ देश बघून केलेली जाहिरात केंद्रीय कायद्याने बेकायदा आहे. आणि मुंबईत मराठी म्हणून, मांसाहारी म्हणून घर नाकारलं गेल्याचा संताप ज्यांनी केला, त्यांनी इथे तेच करणं मला पटत नाही. उत्पन्न, क्रेडिट, आधीच्या मालकाचं मत, हे बघा आणि सगळ्यांना एकच कसोटी लावा.

८. करार आणि वकिलाचे तीन दिवस

एजंटने बनवलेल्या करारावर सह्या झाल्या की न्यू जर्सीत तीन कामकाजाच्या दिवसांची ‘ॲटर्नी रिव्ह्यू’ची मुदत सुरू होते. त्या मुदतीत तुमचा वकील करार रद्द करू शकतो किंवा बदल मागू शकतो. न बोलता तीन दिवस गेले, तर करार जसाच्या तसा पक्का. म्हणून वकील घर शोधतानाच ठरवून ठेवा.

वकिलाकडून घालून घ्यायच्या अटी : परवाने बंद करणं, टाकी आणि गटाराची तपासणी, मजला रिकामा मिळणं, अनामत वळती करणं, कर्ज न मिळाल्यास विसार परत. टायटल कंपनी जुने बोजे शोधते : थकलेली घरपट्टी, पाण्याचं बिल, पैसे न मिळालेल्या कंत्राटदाराचा दावा. नूतनीकरण केलेल्या घरात हा शेवटचा बोजा निघण्याची शक्यता जास्त, त्यामुळे टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काचा विमा) घ्याच.

लागणारे कागद एका फोल्डरमध्ये ठेवा : दोन वर्षांचे डब्ल्यू-२ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा वार्षिक दाखला) आणि कर विवरणपत्रं, ताज्या पगारपावत्या, दोन महिन्यांची बँक विवरणं, पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ग्रीन कार्ड, आय-७९७ (व्हिसाच्या अर्जाला मिळालेल्या मंजुरीची नोटीस), भेटीचं पत्र, कर्जाचं पूर्वमंजुरीपत्र.

दहा लाख डॉलरच्या वरच्या घरावर ‘मॅन्शन टॅक्स’ लागतो. पूर्वी तो खरेदीदार भरायचा. १० जुलै २०२५ पासून तो विक्रेत्याकडे गेला आहे. जुन्या माहितीवर कुणी तुमच्या खर्चात धरला, तर विचारा.

९. घरपट्टीचा नोव्हेंबर

जाहिरातीत लिहिलेली घरपट्टी नूतनीकरणाच्या आधीची असते. जर्सी सिटीत तीस वर्षांनी, २०१८ मध्ये सगळ्या घरांचं फेरमूल्यांकन झालं. पण त्याची वाट न बघता, काम पूर्ण झालेल्या घराचं मूल्य शहर मधेच वाढवू शकतं. त्याला ‘ॲडेड असेसमेंट’ म्हणतात आणि त्याचं वेगळं बिल शरदात येतं, पहिला हप्ता १ नोव्हेंबरला. आधीच्या काळाची सुटलेली रक्कमही मागून लावता येते. बँकेने हप्त्यात जुनी घरपट्टी धरलेली असते, म्हणजे पुढच्या वर्षी हप्ताही चढतो. ताब्याआधीच्या काळाचं असं बिल विक्रेत्याने भरायचं, ही अट करारात हवी. आणि आपल्या हिशेबात घरपट्टी खरेदीच्या किमतीवरून काढा, जाहिरातीवरून नको.

१०. ताबा आणि पहिला महिना

ताब्याच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी ‘क्लोजिंग डिस्क्लोजर’ (कर्जाचा आणि खर्चाचा अंतिम हिशेब) मिळतं, ते बँकेने सुरुवातीला दिलेल्या अंदाजाशी ओळीओळीने जुळवा. पैसे पाठवण्याचा खाते क्रमांक ईमेलने आला, तर वकिलाला तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून वाचून दाखवा. खोट्या ईमेलने आयुष्यभराची बचत गेल्याची उदाहरणं दरवर्षी घडतात. ताब्याच्या सकाळी घर फिरून या, सगळे नळ एकदम सोडा, दोन्ही मजल्यांवर. स्मोक आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्मचं प्रमाणपत्र विक्रेत्याकडून हातात घ्या.

नंतर लगेच करायच्या गोष्टी : शहरात घरमालक म्हणून नोंदणीबद्दल विचारून ती पूर्ण करणं. १९७८ च्या आधीच्या घरातल्या भाड्याच्या मजल्याची शिशाची तपासणी झाली आहे का ते बघणं. जुलै २०२२ पासून लागू झालेल्या राज्याच्या कायद्याने ती ठराविक काळाने करावीच लागते. पाण्याचं बिल नावावर करणं. भाड्याचं उत्पन्न कर विवरणपत्राच्या शेड्यूल ई वर दाखवायचं असतं आणि भाड्याच्या भागाचा घसारा साडेसत्तावीस वर्षांत विभागून मिळतो, म्हणून खरेदीचे आणि दुरुस्तीचे सगळे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवायचे. व्हिसावर असाल, तर भाडं घेणं चालतं, पण स्वतः कितपत कामं करावीत हे इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा.

आणि भाडेकरूला ३० दिवसांच्या आत एक पत्र द्या. अनामत कोणत्या बँकेत, व्याजाच्या वेगळ्या खात्यात ठेवली आहे, ते त्यात लिहा. मालक स्वतः राहतो अशा टू-फॅमिलीला हा नियम भाडेकरूने लेखी मागणी केल्यावर लागू होतो, पण मागणीची वाट बघू नका. त्याच पत्रात तुमचं नाव, भाडं कुठे आणि कसं द्यायचं, आणि रात्री हीटिंग बंद पडलं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, तेही लिहा.